टिपणे कोणाच्या हाती?

१

संशोधनपद्धतीविषयी मराठीत जी पाठ्यपुस्तके आहेत, त्यांपैकी बहुतेकांत टिपणे कशी घ्यावीत यावर एक प्रकरण असतेच. पाच इंच बाय तीन इंचांचे कार्ड घ्यावे, एका कोपऱ्यात विषय आणि दुसऱ्या कोपऱ्यात ग्रंथाचा संक्षेप व पृष्ठांक लिहावा, एका कार्डावर एकच मुद्दा नोंदवावा, अवतरण आणि स्वतःचे मत यांत गल्लत होऊ देऊ नये, अशा सूचना त्यात असतात. हे प्रकरण आजही परीक्षेसाठी वाचले जाते. ते वाचणाऱ्या विद्यार्थ्याची स्वतःची टिपणे मात्र मोबाइलवरील एखाद्या ॲपमध्ये असतात. तो ग्रंथालयात पानाचे छायाचित्र घेतो, बसमध्ये बसल्या बसल्या चार ओळी टंकित करतो, मुलाखत तेथेच ध्वनिमुद्रित करतो, आणि हे सारे कोठेतरी जमा होत राहते. ते नेमके कोठे जमा होते, असे विचारले तर बहुतेकांना उत्तर देता येत नाही.

या बदलाला विरोध करावा असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. कार्डांचे खोके घेऊन हिंडण्यापेक्षा ही सोय निःसंशय मोठी आहे. परंतु कार्ड वापरणाऱ्या अभ्यासकाला जो प्रश्न कधी पडलाच नाही, तो या सोयीबरोबर आपल्यापुढे आला आहे. हा प्रश्न टिपणांच्या स्वामित्वाचा आहे. खोके ज्याच्या घरात, त्याची कार्डे, हा हिशेब सरळ होता. ॲपमधील टिपण आपण लिहिलेले असले तरी ते उघडण्याची, वाचण्याची आणि दुसरीकडे नेण्याची सत्ता आपल्याकडे असतेच असे नाही. ही सत्ता कोणाकडे आहे याचा विचार साधन निवडतानाच करावा, आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांनी तो विद्यार्थ्यांना शिकवावा, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२

या प्रश्नाकडे लक्ष वळण्यास एक अनुभव कारण झाला. प्रस्तुत लेखकाच्या मार्गदर्शनाखाली एक विद्यार्थिनी जात्यावरच्या ओव्यांवर पीएच.डी.चे काम करीत होती. सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील काही वाड्यांवर जाऊन तिने सुमारे सव्वाचारशे ओव्या मिळविल्या. ओव्यांचे ध्वनिमुद्रण तिच्याजवळ होते. त्याशिवाय प्रत्येक ओवीबरोबर तिने टिपण लिहिले होते: गाणारी बाई कोण, तिचे माहेर कोठले, ही ओवी तिला कोणाकडून मिळाली, गाताना ती कोठे थांबली, आणि मुख्य म्हणजे तिने स्वतः त्या ओवीचा अर्थ काय सांगितला. ही टिपणे तिने संस्थेने दिलेल्या ईमेल खात्याला जोडलेल्या एका ॲपमध्ये ठेवली होती. हे साधन तिला सुचविणारा प्रस्तुत लेखकच होता.

नोंदणीची मुदत संपली. मुदतवाढीचा अर्ज कार्यालयात पडून राहिला, आणि दरम्यान नियमानुसार ते खाते बंद झाले. यात कोणाचा आकस नव्हता. नियम होता, तो पाळला गेला. खाते पुन्हा सुरू झाले तेव्हा ते रिकामे होते. ओव्या वाचल्या, टिपणे गेली. ती पुन्हा त्या वाड्यांवर गेली. काही बायांनी पुन्हा सांगितले, काहींना आपण पूर्वी काय सांगितले होते ते आठवेना, आणि ज्या वृद्धेने सर्वांत अधिक ओव्या सांगितल्या होत्या ती मधल्या काळात वारली होती. ‘गायिकांनी केलेला अर्थविचार’ हे प्रबंधातील एक संपूर्ण प्रकरण गाळावे लागले. प्रबंध मान्य झाला, तिला पदवीही मिळाली. पण ज्या प्रकरणामुळे तो प्रबंध इतरांहून वेगळा ठरला असता, ते आता कोणालाच लिहिता येणार नाही.

या प्रसंगात दोष कोणाचा, याची चर्चा येथे करावयाची नाही. आपली टिपणे आपल्या हाती नाहीत, ही गोष्ट ती जाईपर्यंत आम्हा दोघांपैकी कोणाच्याही ध्यानात आली नव्हती, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

३

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रश्न वस्तुतः परका वाटू नये. आपल्या भाषेतील आद्य गद्यग्रंथच टिपणांतून सिद्ध झाला आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या आणि चक्रधरांच्या सहवासात आलेल्या इतरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र रचले. मूळ प्रत पुढे परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि अनुयायांच्या स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा सिद्ध करण्यात आला, असे महानुभाव परंपरा सांगते. लीळाचरित्रातील पाठभेदांचा विचार करताना ही हकिकत आपण वर्गात सांगतो. एकच प्रत असणे आणि ती एकाच ठिकाणी असणे यात कोणता धोका असतो, हेही तिच्यातून दिसते, ते सांगावयाचे मात्र आपण विसरतो.

महानुभावांच्याच इतिहासातील दुसरी गोष्ट लिपीची. पंथाचे ग्रंथ सकळी, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले गेले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्या लिप्यांची किल्ली पंथाबाहेरील अभ्यासकांच्या हाती लागली, तोपर्यंत एवढे मोठे वाङ्मय मराठी वाङ्मयेतिहासाच्या कक्षेबाहेरच राहिले. आजच्या अनेक ॲपांची संचिका, म्हणजे ज्याला आपण फाइल म्हणतो ती, अशीच एक सांकेतिक लिपी असते. ती त्या ॲपवाचून इतरत्र उघडत नाही. फरक इतकाच की सकळी लिपीची किल्ली ग्रंथ जपणाऱ्या पंथाजवळ होती. आज ती लिहिणाऱ्याजवळही नसते, कंपनीजवळ असते.

याउलट उदाहरण पुण्यातच आहे. डेक्कन कॉलेजमधील संस्कृत-इंग्रजी महाकोशाचे काम १९४८ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने सुरू झाले. त्यासाठी सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द उतरवून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढील भाग तयार करण्याचे काम अद्याप चालू आहे. ज्यांनी पहिल्या चिठ्ठ्या लिहिल्या त्यांतील फारसे कोणी आज हयात नसेल. तरीही नव्या संपादकाला खण उघडून चिठ्ठी वाचता येते, कारण ती साध्या कागदावर, ज्ञात लिपीत, संदर्भासह लिहिलेली आहे आणि अकारविल्हे लावलेली आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुहमान यांच्या सुमारे ९०,००० कार्डांचेही असेच झाले. ते १९९८ मध्ये निवर्तले. ती कार्डे पुढे बीलेफेल्ड विद्यापीठाने मिळविली आणि २०१९ पासून ती टप्प्याटप्प्याने संगणकीय रूपात सर्वांना खुली होऊ लागली. आज अनेक ॲपांच्या जाहिरातीत लुहमान यांच्या पद्धतीचा गौरव असतो, पण त्यांची कार्डे त्यांच्या पश्चात वाचता आली ती कोणाचीही परवानगी न घेता वाचता येण्यासारखी होती म्हणून, याचा उल्लेख तेथे क्वचितच आढळतो.

४

तेव्हा टिपणांसाठी ॲप निवडताना ते दिसते कसे किंवा किती करामती करते, याआधी काही कसोट्या लावल्या पाहिजेत. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या चार आहेत.

पहिली कसोटी रूपाची. टिपण ज्या रूपात साठविले जाते ते रूप त्या ॲपखेरीज इतरत्र वाचता येते काय? साध्या मजकुराची संचिका कोणत्याही संगणकावर उघडते. मार्कडाउन ही २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी प्रसृत केलेली पद्धती हाच साधा मजकूर वापरते. शीर्षकासाठी ओळीच्या आरंभी # असे चिन्ह, ठळक अक्षरांसाठी दोन्ही बाजूंना तारका, असे तिचे मोजके संकेत असतात. ॲप नाहीसे झाले तरी ही चिन्हे मजकुराच्या आड येत नाहीत.

दुसरी कसोटी स्थानाची. मूळ प्रत आपल्या यंत्रावर आहे, की दूरच्या संगणकावर असून आपल्याला तिचे केवळ दर्शन घडते? इंटरनेट बंद करून ॲप उघडावे आणि सहा महिन्यांपूर्वीचे टिपण शोधून पाहावे. ते उघडून त्यात दुरुस्तीही करता आली, तर प्रत आपल्याजवळ आहे असे मानण्यास हरकत नाही. ग्रामीण भागातील क्षेत्रकार्यात, जेथे संपर्कक्षेत्र मिळत नाही तेथे, या कसोटीचे मोल निराळे सांगावयास नको.

तिसरी कसोटी निर्गमनाची. सर्व टिपणे, त्यांच्या तारखा, विषयसंज्ञा आणि जोडलेली छायाचित्रे यांसह, एका वेळी बाहेर काढता येतात काय? बाहेर काढण्याची सोय आहे असे सांगणे निराळे आणि बाहेर काढलेले टिपण वापरण्याजोगे असणे निराळे. काही ॲपे एकेक टिपण वेगळे काढावयास लावतात. हजार टिपणे असलेल्या अभ्यासकाच्या दृष्टीने ही सोय नसल्यासारखीच. कोणत्याही साधनात पहिली दहा टिपणे लिहिताच ती बाहेर काढून दुसऱ्या साधनात उघडून पाहावीत.

चौथी कसोटी आपल्या भाषेची आहे, आणि इंग्रजीत लिहिल्या जाणाऱ्या परीक्षणांत तिचा विचार सापडत नाही. आपल्यापैकी अनेकांनी एकदा फाँटांचा फटका खाल्ला आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तीत देवनागरी होती. परंतु मराठी लेखन व मुद्रण पुढे दीर्घकाळ निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांतच होत राहिले. त्या फाँटांत संगणक साठवीत असे ती रोमन अक्षरांची चिन्हे, आणि वरून त्यांना देवनागरीचा वेष चढविला जाई. फाँट गेला की वेष गळून पडे आणि निरर्थक चिन्हांची रांग उरे. प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या प्रबंधाची प्रारंभीची टिपणे अशाच एका फाँटात आहेत. त्यांतील काही रूपांतर करून वाचविता आली, काहींची मुद्रित प्रत पाहून पुन्हा टंकन करावे लागले.

युनिकोडमुळे तो प्रश्न पुष्कळसा मिटला असला तरी शोधाचा प्रश्न उरतोच. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आले. त्यापूर्वीच्या मजकुरात ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेले असते. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते भिन्न वाटतात. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो आणि एका प्रकाराने शोधल्यास दुसऱ्या प्रकाराने लिहिलेला शब्द हाती न लागण्याचा संभव असतो. त्यातच १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या ग्रंथांतून अवतरण घ्यावयाचे असेल तर ‘कांही’, ‘नांव’, ‘कवि’ ही रूपे तशीच ठेवावी लागतात. ‘काही’, ‘नाव’, ‘कवी’ असा शोध घेतला तर ती सापडत नाहीत. यावर उपाय एवढाच की अवतरण मुळाबरहुकूम उतरवावे आणि खाली आजच्या लेखनाप्रमाणे विषयसंज्ञा द्याव्यात. ॲप निवडण्यापूर्वी असे पाचदहा शब्द त्यात लिहून शोधून पाहावेत. ही परीक्षा पंधरा मिनिटांची आहे.

या चारांच्या जोडीला एक नैतिक अट आहे. लोकसाहित्याच्या, आत्मकथनांच्या वा बोलींच्या अभ्यासकाकडे माणसे आपली दुःखे विश्वासाने बोलतात. सासरच्या जाचाविषयी एखादी बाई जे सांगते ते तिने अभ्यासकाला सांगितलेले असते. तो मजकूर न कूटबद्ध करता एखाद्या कंपनीच्या संगणकावर ठेवणे, किंवा सारांश करून मिळतो म्हणून तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवेकडे पाठविणे, याला तिची संमती आपण घेतलेली नसते. स्वामित्वाच्या प्रश्नाला ही दुसरी बाजू आहे: काही टिपणे आपण लिहिलेली असली तरी सर्वस्वी आपलीही नसतात.

५

या कसोट्यांना आज उपलब्ध असलेली साधने कशी उतरतात, हे थोडक्यात पाहू. २०२० मध्ये आलेले ऑब्सिडियन टिपणे आपल्याच संगणकावरील एका फोल्डरमध्ये मार्कडाउन संचिकांच्या रूपात ठेवते. उद्या ते काढून टाकले तरी फोल्डर तसाच राहतो. त्याची आज्ञावली मुक्त नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु संचिका मुक्त असल्याने त्याची बाधा कमी होते. त्याला जोडता येणाऱ्या असंख्य पूरक सोयींच्या नादी मात्र लागू नये, कारण त्यांचे खास संकेत टिपणांत शिरले की सोडलेले परावलंबन मागल्या दाराने परत येते. जॉप्लिनची आज्ञावली मुक्त आहे. ते टिपणे आपल्या यंत्रावरील कोशात ठेवते, सर्व टिपणे मार्कडाउनच्या स्वरूपात बाहेर काढू देते, आणि मोबाइल व संगणक यांचा मेळ घालताना मजकूर कूटबद्ध करण्याची सोय देते. मुलाखतींच्या टिपणांना ते अधिक योग्य. ग्रंथसूची आणि तिला जोडलेली टिपणे यांसाठी जॉर्ज मेसन विद्यापीठात निर्माण झालेले आणि २००६ पासून विनामूल्य असलेले झोटेरो हे संशोधकाने शिकून घ्यावेच असे साधन आहे.

दुसऱ्या बाजूला वननोट, गुगल कीप, नोशन, एव्हरनोट ही लोकप्रिय साधने आहेत. ती वाईट आहेत असे नव्हे. वर्गातील सूचना, बाजाराची यादी, सभेचे टाचण यांसाठी ती सोयीची आहेत, आणि त्यांतून टिपणे बाहेर काढण्याचे मार्गही कमीअधिक प्रमाणात आहेत. पण त्यांच्या अटी बदलू शकतात. गुगलने २००६ मध्ये सुरू केलेली नोटबुक ही सेवा २०१२ मध्ये बंद झाली. एव्हरनोटची मालकी २०२३ च्या आरंभी एका इटालियन कंपनीकडे गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विनामूल्य वापरणाऱ्यांना ५० टिपणांची मर्यादा घालण्यात आली. व्यवसाय म्हणून असे निर्णय घेण्याचा कंपन्यांना अधिकार आहे. पाचसहा वर्षे चालणारे संशोधन अशा निर्णयांवर अवलंबून ठेवावे काय, हे आपण ठरवावयाचे आहे.

६

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, स्वतःच्या यंत्रावरील टिपणेही सुरक्षित नसतात. मोबाइल चोरीस जातो, हार्ड डिस्क बिघडते. कंपनीचे संगणक आपल्यापेक्षा अधिक काळजीपूर्वक सांभाळले जातात. हा आक्षेप योग्य आहे, आणि कागदालाही तो लागू होतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या वस्त्यांत पुराचे पाणी शिरले. त्या पाण्याने हस्तलिखित आणि रद्दी असा भेद केला नसणार. परंतु या आक्षेपाचे उत्तर प्रतींची संख्या वाढविणे हे आहे. एक प्रत संगणकावर, एक पेनड्राइव्हवर वा वेगळ्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी किंवा कूटबद्ध करून इंटरनेटवर. कंपनीची सेवा यांतील तिसरी प्रत म्हणून अवश्य घ्यावी. ती एकमेव प्रत असू नये.

दुसरा आक्षेप आमच्या व्यवसायबंधूंकडून येतो. ही तांत्रिक बाब आहे, साहित्याच्या अध्यापकाने तीत का पडावे? त्यावर एवढेच म्हणता येईल की पाठचिकित्सा शिकविताना आपण प्रत कोठे मिळाली, कोणी उतरविली, कोणाच्या ताब्यात होती हे प्रश्न विचारावयास शिकवितो. आपल्या विद्यार्थ्याच्या टिपणांविषयी तेच प्रश्न विचारणे हा आपल्या विषयाचाच भाग आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे खपून जमविलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊ लागल्या. एका पिढीने केलेले संकलन दुसऱ्या संस्थेच्या स्वाधीन करता आले, कारण ते नेता येईल अशा रूपात होते. आमच्या विद्यार्थिनीच्या सव्वाचारशे ओव्यांची त्या संग्रहाशी तुलना नाही. पण तिची टिपणेही कोणाच्या तरी स्वाधीन करता आली असती.

७

विभागांना यासाठी फारसा खर्च नाही. संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमातील कार्डांच्या प्रकरणाला या कसोट्यांची जोड देता येईल. सहामाही प्रगती अहवालाच्या वेळी विद्यार्थ्याने सर्व टिपणे बाहेर काढून, मार्गदर्शकासमोर दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवावीत, असा पायंडा पाडता येईल. संस्थेचे खाते बंद करण्यापूर्वी संशोधकाला लेखी पूर्वसूचना आणि पुरेशी मुदत मिळावी, असा ठराव अभ्यासमंडळाने वरिष्ठ समितीकडे पाठविता येईल. आणि प्रबंध शोधगंगेवर जातो तसा, सांगणाऱ्यांची संमती असेल तेथे, क्षेत्रकार्याच्या टिपणांचा एक संच साध्या मजकुराच्या रूपात विभागाच्या ग्रंथालयात ठेवता येईल.

त्या विद्यार्थिनीने आता एका महाविद्यालयात अध्यापन सुरू केले आहे. गेल्या वर्षी तिने आपल्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी नेले, तेव्हा प्रस्तुत लेखकही बरोबर होता. संध्याकाळी परतल्यावर तिने प्रत्येकाला दिवसभराची टिपणे बाहेर काढावयास लावली, ती दोन पेनड्राइव्हवर उतरविली, एक स्वतःच्या पिशवीत ठेवला आणि दुसरा प्रस्तुत लेखकाच्या हाती दिला. “सर, हा तुमच्या गावी राहू द्या,” एवढेच ती म्हणाली.